एकच गल्याथ, मारणारे दोन? बायबलमधल्या विसंगती आणि एका मुद्रितशोधकाचं डोकं

खिळेजुळारी (धागाकर्ता, नाशिकरोड)

मंडळी, आधी पार्श्वभूमी. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेच्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका उत्साही गृहस्थांनी 'बायबलमधल्या शंभर चुका' असा लांबलचक मजकूर ढकलला. खाली सात-आठ हसरे चेहरे. वरच्या मजल्यावरच्या मावशी ख्रिस्ती आहेत. त्या काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा परत द्यायच्या निमित्ताने वर गेलो आणि येताना त्यांचं मराठी बायबल मागून आणलं. त्यांचे यजमान पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, आता नाहीत. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक टिपा आहेत.

मी ख्रिस्ती नाही, फार धार्मिकही नाही. चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. त्यामुळे मी वाचलं ते लाल पेन हातात असल्यासारखं, आणि एका ठिकाणी अक्षरशः उडालो.

दावीदाने धिप्पाड गल्याथाला (इंग्रजीतला गोलायथ) मारलं हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं (१ शमुवेल १७, म्हणजे शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय १७). पण २ शमुवेल २१:१९ काढा. तिथे गल्याथाला मारतो बेथलेहेमचा एलहानान, यारे-ओरगीमचा मुलगा. आणि १ इतिहास २०:१५ मध्ये हाच एलहानान मारतो ते 'गल्याथाचा भाऊ लहमी' याला.

आता पाळकसाहेबांची टीप बघा. हिब्रूत 'ओरगीम' म्हणजे विणकर. त्याच वचनाच्या शेवटी गल्याथाच्या भाल्याचा दांडा साळ्याच्या तुरीएवढा (विणकराच्या मागावरच्या दांड्याएवढा) होता असं म्हटलंय, आणि तिथे मूळ शब्द तोच, 'ओरगीम'. म्हणजे नक्कल करणाऱ्याची नजर घसरली आणि खालच्या ओळीतला विणकर वर जाऊन बापाच्या नावाला चिकटला! इतिहासाच्या पुस्तकात बापाचं नाव नुसतं याईर आहे, विणकर गायब. ही चूक मी नोकरीत हजारदा पकडली आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा डोळा माझ्यासमोर घसरला असं वाटलं.

आणि तो 'लहमी'? हिब्रूत 'बेथलेहेमकर' म्हणजे 'बेथ-हल्लहमी'. त्यातलं 'लहमी' सुटं करून त्याचा गल्याथाचा भाऊ केलेला दिसतो. हे मात्र नजरचुकीचं वाटत नाही. कुणीतरी अडचण पाहून संपादकीय हात फिरवलाय. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात तर २ शमुवेलातच 'चा भाऊ' हे शब्द घातलेत, पण ते मुळात नाहीत हे कळावं म्हणून वेगळ्या टायपात. या प्रामाणिकपणाला माझा सलाम.

दुसरा नमुना. राजा अहज्या गादीवर आला तेव्हा २२ वर्षांचा होता (२ राजे ८:२६). २ इतिहास २२:२ म्हणतं ४२ वर्षांचा. त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला, ८ वर्षं राज्य करून गेला, म्हणजे ४० चा. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा!

पण माझा प्रश्न चुकांचा नाही. या चुका इतक्या ढळढळीत आहेत की शेकडो वर्षं हे पुस्तक मुखोद्गत असलेल्यांना त्या दिसल्या नसतील हे शक्यच नाही. मग दुरुस्त का केल्या नाहीत? आमच्याकडे पहिल्या आवृत्तीतली चूक दुसऱ्या आवृत्तीत राहिली तर पगार कापायचे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. टवाळी करायची असेल तर तो ग्रुप आहेच.

---

नास्तिक_नारू

पकडलंत! आता पुढे चला. दावीदाने शिरगणती केली. २ शमुवेल २४:१ म्हणतं, परमेश्वराने त्याला चिथावलं. तीच गोष्ट १ इतिहास २१:१ मध्ये, तिथे चिथावणारा सैतान. आकडे? एकीकडे इस्राएल ८ लाख, यहूदा ५ लाख. दुसरीकडे ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. नंतर दावीद खळं विकत घेतो, एकीकडे ५० शेकेल चांदीला, दुसरीकडे ६०० शेकेल सोन्याला. आमच्या पाथर्डी फाट्याच्या जमिनींचे भावसुद्धा इतके वाढले नाहीत.

देव की सैतान, हा हस्तदोष नाही ना काका? इथे विणकर घसरला म्हणून चालणार नाही.

---

खिळेजुळारी

बरोबर. हा हस्तदोष नाही. हे धोरण बदलल्यासारखं दिसतं, म्हणजे संपादक बदलला.

---

मलिदा

या विषयावर कुणी मराठीत लिहिलंय पाहून बरं वाटलं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, आमच्या गावातले तेलीच. शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली'. गेली बारा वर्षं नोकरीनिमित्त इंदिरानगरला आहे. नाशकात दहा जणांचा मिन्यान (सामुदायिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या) जमवणं कठीण, त्यामुळे वाचन भरपूर होतं.

नारूभाऊ, इतिहासाची पुस्तकं बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे यहूदी लोकांना बाबेलला पकडून नेलं त्यानंतर लिहिलेली. तोवर 'देवाने पाप करायला लावलं' हे वाक्य लोकांना जड जाऊ लागलं असावं. शिवाय हिब्रूत 'सातान' म्हणजे मुळात विरोधक, फिर्यादी. शिंगं आणि शेपूट नंतरची. पण माझ्या दृष्टीने मौज वेगळीच आहे. नवीन पुस्तक लिहिणाऱ्याने जुनं पुस्तक फेकून दिलं नाही, आणि त्याच्या नंतरच्यांनी दोन्ही एकाच तनखमध्ये (आमचं बायबल, ख्रिस्ती लोकांचा जुना करार) बांधली.

काकांच्या प्रश्नाला उत्तर: दिसल्या होत्या. चांगल्याच दिसल्या होत्या. आमच्या सकाळच्या प्रार्थनेत रब्बी इश्माएलचे तेरा नियम म्हणतात, शास्त्राचा अर्थ कसा लावायचा याचे. तेरावा नियमच असा की दोन वचनं एकमेकांना खोटं पाडत असतील तर तिसरं वचन येऊन निवाडा करेपर्यंत थांबायचं. विसंगती असणार हे गृहीत धरून रोज सकाळी म्हणायचं सूत्र!

तलमूदमधली (रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ) माझी आवडती गोष्ट यहेज्केल संदेष्ट्याची. त्याच्या पुस्तकातली बलिदानाची कलमं मोशेच्या नियमांशी जुळत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवून द्यायची वेळ आली होती. तेव्हा हनन्या बेन हिज्कीया नावाचे गृहस्थ माडीवर जाऊन बसले. दिव्यासाठी तीनशे रांजण तेल वर चढवलं. सगळं जुळवूनच खाली उतरले. शनवार तेल्याच्या मुलीला यातला तेलाचा हिशेब कसा आवडणार नाही!

---

गोदाकाठ

वा! मलिदाताई, तीनशे रांजण वाचून हसलो आणि मग गप्प झालो.

आपल्याकडे याला नाव आहे: व्याघात. न्यायसूत्रांत वेदांवरचा आक्षेप म्हणूनच तो मांडला आहे. अनृत, व्याघात, पुनरुक्त, हे तीन दोष आहेत म्हणून वेद प्रमाण नव्हे. व्याघाताचं नेहमीचं उदाहरण अग्निहोत्राचं. एक वाक्य म्हणतं सूर्य उगवल्यावर होम करा, दुसरं म्हणतं उगवायच्या आधी करा, आणि दोन्हींची निंदाही सापडते. मीमांसकांचं (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांचं) म्हणणं, हा विकल्प. एक वेळ धरली की तीच पाळायची, धरसोड केली तर निंदा लागू. अतिरात्र यागात षोडशी नावाचा सोमरसाचा पेला घ्यावा आणि घेऊ नये, अशी दोन्ही वचनं आहेत, तिथेही हेच.

म्हणजे तीन वाटा झाल्या. एकवाक्यता साधता येते का पाहा. नाही तर विकल्प माना. अगदीच नाही तर एका वचनाला गौण ठरवा. रब्बी इश्माएल आमच्या पाठशाळेत सहज खपले असते.

अवांतर: हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा यावर २०२२ मध्ये इथे धर्मसभा भरली तेव्हा माइक उगारला गेला होता. विकल्प, एकवाक्यता वगैरे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

---

बघ्या_पंचवटी

चिवडा घेऊन बसलोय. चालू द्या.

---

शरणपूरवाली

मी संडे स्कूलला शिकवते. हा धागा उघडताना छातीत धडधड होत होती, खरं सांगते. अशा चर्चांमध्ये शेवटी 'मग तुमचा धर्मच खोटा' इथे गाडी येते. अजून आली नाही, आभार.

जुन्या कराराबद्दल मलिदाताई बोलतील. मी शुभवर्तमानांबद्दल, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चार चरित्रांबद्दल सांगते. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेवर कोण गेलं? योहान फक्त मग्दालीया मरीयेचं नाव घेतो. मत्तय दोघी सांगतो, मार्क तिघी, लूक आणखी काही जणी. तिथे मार्कला एक तरुण दिसतो, मत्तयाला एक देवदूत, लूकला दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, 'टीचर, चौघांनी कॉपी केली नाही हे तर कळलं.' मला तिचं उत्तर पुरतं.

चार जणांना अपघात दिसला तर चार जबान्या वेगळ्या येतात. शब्दन्‌शब्द सारख्या आल्या तर पोलीसच संशय घेतील.

---

नास्तिक_नारू

टीचर, तुमची विद्यार्थिनी हुशार आहे, पण तिला अर्धंच सांगितलंय. कॉपी भरपूर झाली आहे. मार्कमधला बहुतेक मजकूर मत्तयात सापडतो, कित्येकदा शब्दशः. चार स्वतंत्र साक्षीदार हा दावा टिकत नाही.

आणि जबानीत बायका किती हे चुकू शकतं. फाशी कोणत्या दिवशी झाली हे कसं चुकेल? मार्कमध्ये येशूचं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं (ज्यूंच्या सणाचं) भोजन, म्हणजे मृत्यू सणाच्या दिवशी. योहान १९:१४ म्हणतो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, म्हणजे ते भोजन अजून व्हायचंय. मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला क्रुसावर दिलं. योहानात सहाव्या तासाला रोमन सुभेदार पिलात अजून न्यायासनावरच बसलेला. हे कसं जुळवणार?

---

शरणपूरवाली

जुळवणार नाही. जुळवायचे प्रयत्न मी वाचलेत, दोन दिनदर्शिका होत्या वगैरे. मला पटले नाहीत.

पण योहानात पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून 'हा पाहा, देवाचा कोकरा' म्हणतो. वल्हांडणाची कोकरं मंदिरात कधी कापायचे? तयारीच्या दिवशी दुपारी. योहानाच्या पुस्तकात येशू त्याच वेळी मरतो. त्याला घड्याळ दाखवायचं नव्हतं, कोकरा दाखवायचा होता. आणि मार्कला भोजन दाखवायचं होतं: हे माझं शरीर. एकाने तारीख हलवली असेल. कोणी, ते सांगायला मी तिथे नव्हते.

आमच्या मंडळीत हे मोठ्याने बोलले तर काही जण नाराज होतील, म्हणून इथे टोपणनावाने लिहितेय.

कॉपीबद्दलचा मुद्दा मान्य. त्या मुलीला पुढच्या रविवारी सांगते.

---

द्राक्षबागायतदार

दिंडोरीकडून नमस्कार. आम्ही काही शास्त्री नाही, पण त्या अंजिराच्या झाडाचं बोलतो. येशूला भूक लागली, झाडावर फळ नाही म्हणून त्यानं झाडाला शाप दिला. मत्तयात झाड तिथंच लगेच वाळतं, मार्कात दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेलं दिसतं. ही झाली तुमची विसंगती. आमचा सवाल वेगळा. मार्क स्वतःच लिहितो की अंजिराचा हंगामच नव्हता. मग झाडाचा काय दोष?

पण पुरंदरकडं आमचे पाहुणे अंजीर करतात, त्यांना विचारलं. ते म्हणले, पाला फुटतो तेव्हा जुन्या फांदीवर थोडी आगाप फळं धरायला हवीत. नुसताच पाला म्हणजे झाड वांझ. मार्क म्हणतो लांबून पाला दिसला. मग झाडानं फसवलं म्हणायचं. अर्थात वाळायला एक रात्र तरी लागंल. मार्क आम्हाला जास्त खरा वाटतो.

---

खिळेजुळारी

द्राक्षबागायतदार, तुमचा प्रतिसाद मावशींना वाचून दाखवला. त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

वर मी विचारलं होतं की दुरुस्त का केलं नाही. थोडं आणखी वाचलं तेव्हा कळलं की दुरुस्त करून पाहिलं होतं! साधारण इ. स. १७० मध्ये ततियन नावाच्या सिरियातल्या माणसाने चारही शुभवर्तमानं एकत्र करून एकच सलग कथा रचली, 'दियातेस्सरोन' म्हणजे 'चौघांतून'. पुनरुक्ती गेली, खडे निघाले. सिरियाक भाषेतल्या मंडळ्यांत ती दोन-अडीचशे वर्षं वाचली जात होती. मग पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या भागातल्या दोनशेच्या वर प्रती गोळा केल्या आणि त्यांच्या जागी पुन्हा चार वेगळी पुस्तकं दिली.

शुद्ध प्रत हातात होती आणि खडे असलेली परत आणली. आमच्या धंद्यात असं मी कधी पाहिलं नाही.

---

नास्तिक_नारू

फार भारावून जाऊ नका. ततियनवर पाखंडीपणाचा शिक्का होता म्हणून प्रती उचलल्या. यात विसंगतीवरचं प्रेम नव्हतं, राजकारण होतं.

---

खिळेजुळारी

हेही खरं. दोन्ही कारणं असू शकतात. विकल्प. :)

---

गोदाकाठ

शुद्ध प्रतीवरून आठवलं. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि वर बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली. पाठभेद त्यांना दिसत होते म्हणूनच ना?

बायबलच्या बाबतीत असं ताडून पाहता येतं का? भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तसं?

---

मलिदा

येतं, आणि तेही गल्याथापाशीच. छापील हिब्रू प्रतीत त्याची उंची सहा हात आणि एक वीत, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. १९४७ पासून मृत समुद्राच्या काठच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या शमुवेलाच्या एका प्रतीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात आहे चार हात आणि एक वीत. म्हणजे साडेसहा फूट. उंच, पण नाशिकरोड स्टेशनवर दिसू शकेल इतपत. नक्कल होता होता राक्षस वाढला असावा.

पण सगळं पाठभेदावर ढकलू नका. काका, अहज्याचे २२ आणि ४२ अक्षरांच्या साधर्म्यामुळे झाले असं काही जण म्हणतात, पण हिब्रू मजकुरात ते आकडे शब्दांत लिहिलेले आहेत. शिवाय काही विसंगती जाणूनबुजून जपलेल्या आहेत. दहा आज्ञा दोनदा येतात. निर्गम या पुस्तकात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) 'आठवा' (जाखोर), कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी केली. अनुवाद नावाच्या पुस्तकात शब्बाथ 'पाळा' (शामोर), कारण तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होता. शब्द वेगळा, कारणही वेगळं. दगडावर नक्की काय कोरलं होतं? आम्ही शुक्रवारी संध्याकाळी 'लेखा दोदी' गातो, त्याचं पहिलं कडवंच 'शामोर वेजाखोर', एका उच्चारात दोन्ही. लहानपणी चाल पाठ होती, अर्थ पुढे कळला. भांडण गात होतो की!

आणि सगळ्यात भारी स्वयंपाकघरातलं आहे. वल्हांडणाचं कोकरू निर्गम १२ म्हणतं विस्तवावर भाजा, पाण्यात उकडू नका. अनुवाद १६:७ मध्ये क्रियापद आहे 'बश्शल', म्हणजे शिजवा, उकडा. चांगलीच पंचाईत. मग इतिहासकार येतो (पुन्हा तोच!) आणि २ इतिहास ३५:१३ मध्ये लिहितो: त्यांनी वल्हांडणाचं कोकरू विस्तवावर उकडलं. 'वय्वश्शलू हप्पेसाह बाएश.' पाणी नाही, पातेलं नाही, विस्तवावर उकडलं! दोन्ही आजींचं ऐकणाऱ्या सुनेसारखं वाक्य आहे हे.

---

बघ्या_पंचवटी

चिवडा संपला. विस्तवावर उकडलेलं कोकरू मिळेल का?

---

शरणपूरवाली

मलिदाताई, आम्ही शिकवतो की बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत (निर्गम २०:५), आणि यहेज्केल १८ म्हणतं जो पाप करेल तोच मरेल, मुलगा बापाचं पाप वाहणार नाही. पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः ज्यांच्या घरात दारू आहे त्यांच्याकडून. तुमच्याकडे काय सांगतात?

---

मलिदा

तलमूद सरळ सांगतं: मोशेने चार फर्मानं काढली, चार संदेष्ट्यांनी येऊन ती रद्द केली. त्यातलं हे एक. यहेज्केलाने मोशेला रद्द केलं.

सारवासारव करणारी मतंही आहेत, मुलगा बापाचीच वाट धरेल तर शिक्षा वगैरे. पण दारूच्या घरातल्या मुलाला तुम्ही यहेज्केलच सांगा. ज्याच्यासाठी तीनशे रांजण तेल जाळलं ते पुस्तक हेच.

---

नास्तिक_नारू

हे मला माहीत नव्हतं. नोंद घेतली.

बाकी येशूला पैशांसाठी पकडून देणारा यहूदा इस्कर्योत राहिलाय. मत्तयात गळफास घेतो, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पालथा पडून पोट फुटतं. कुणी 'दोरी तुटली असेल' म्हणायच्या आत सांगतो, त्या पैशातून घेतलेल्या शेताचं काय? एकीकडे ते याजक विकत घेतात, दुसरीकडे यहूदा स्वतः.

---

शरणपूरवाली

दोरी तुटली असं मीही शिकवत नाही हो आता.

---

द्राक्षबागायतदार

सातबारा काढा म्हणजे कळंल कुणाच्या नावावर होतं ते.

---

मलिदा

काका, एक राहिलं. धाग्यात तुम्ही १ इतिहास २०:१५ लिहिलंय. त्या अध्यायात आठच वचनं आहेत. २०:५ हवं.

---

खिळेजुळारी

अरे देवा. चौतीस वर्षं!

प्रतिसाद आल्यावर मूळ धागा संपादित करता येत नाही. प्रशासकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, ते म्हणाले वर हात लावत नाही, खाली दुरुस्ती आहेच. मावशींना सांगितलं तर त्यांनी पुस्तक मागून घेतलं, पाळकसाहेबांची टीप पाहिली आणि म्हणाल्या, 'यांनी पाचच लिहिलंय बरं का.'